मशीन हलकं ठेवा

कीर्तिभाई चेवली सकाळी आले की आधी मशीनला अगरबत्ती दाखवायचे आणि मग दिवसभर त्याची मेमरी रिकामी करत बसायचे. आमच्या डिझाइन-रूममधला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर त्यांचा, सगळ्यात मोठी खुर्ची त्यांची आणि सगळ्यात मोठं तोंडही त्यांचंच. सुरतच्या रिंगरोडवर साड्यांच्या प्रिंटा काढणारे डिझाइनर पैशाला पासरी मिळतात, पण कीर्तिभाईंसारखा हात कुणाचा नव्हता. हे मी आजही मान्य करते. माणूस हलकट होता म्हणून त्याच्या कामाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं. "मेमरी म्हणजे पोट. भरलं की सुस्ती येते. मशीन हलकं ठेवा!"

फोटोशॉपमध्ये एक आज्ञा असते. ती दिली की मेमरीत साठवलेलं सगळं एका फटक्यात पुसलं जातं. त्याबरोबर मागे जाऊन चूक सुधारायची सोयही जाते. पायरी पायरीने जे काही केलं असेल, ते सगळं कायमचं पक्कं होतं. आमच्या रूममध्ये त्याला 'झाडू' म्हणत. आधी सेव्ह, मग झाडू, हा कीर्तिभाईंचा जप. स्वतःच्या मशीनवर मारत बसले असते तर मारोत बापडे, आम्हाला काय! पण ते रूममधून फेऱ्या घालायचे, आणि कोणी खुर्चीवरून उठलेलं दिसलं की वाकून त्याच्याही मशीनवर झाडू मारून मोकळे व्हायचे. वर उपकार केल्यासारखं सांगायचे, "तुझं मशीन हलकं करून दिलंय हं, पोरी."

ती पोरी म्हणजे मी, पिनल राणा, गोलवाडातली. आमच्या घरात सगळ्यांनी जरीची तार ओढण्यात डोळे घालवले, म्हणून बाने, माझ्या आईने, मला हट्टाने कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. वल्लभशेठच्या डिझाइन-रूममध्ये मी लागले तेव्हा तिने सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे. संध्याकाळी त्यावर पोपटांची शाळा भरते. ते पोपट मी काढले, वेलीत गुंफलेले. एकाची मान वळलेली, एक उलटा लटकलेला, एक दुसऱ्याच्या चोचीतलं पान ओढणारा. प्रत्येक पोपटाचा थर, आमच्या भाषेत लेयर, वेगळा, पानांचा वेगळा, साडीच्या मागच्या रंगाचा, जमिनीचा, वेगळा, म्हणजे गिऱ्हाइकाने म्हटलं की हवा तो रंग बदलता येतो. फाइलला मी बाचं नाव दिलं होतं. मंगू.

आता साडीची प्रिंट म्हणजे काय, तर एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापायचा. दोन तुकड्यांमधला सांधा दिसला की साडी भंगारात. तो सांधा तपासायला आम्ही सगळे लेयर एकात एक मिसळून टाकतो, चित्र अर्धं सरकवतो, डोळे बारीक करून बघतो आणि मग मागे मागे जात लेयर परत सुटे करतो. खरं तर आधी कॉपी काढून मग बघायला हवं. पण सुरतमध्ये तेवढा दम कुणाला आहे? सगळे असंच करतात.

मीही तेच केलं होतं. लेयर मिसळले, चित्र सरकवलं, आणि तेवढ्यात खालून हाक आली की मिलमधून छापलेला नमुना आलाय, बघून जा. मी गेले. परत आले तर कीर्तिभाई माझ्या मशीनपासून सरळ होत होते.

"हलकं करून दिलं हं, पोरी."

मी मागे जायचं बटण दाबलं. दाबत राहिले. मागे काहीच नव्हतं, आणि फाइलही तशीच सेव्ह झाली होती. माझे सगळे पोपट वेलीसकट, जमिनीसकट एकमेकांना चिकटले होते, खिचडीतल्या डाळ-तांदळासारखे.

"भाई, हे काय केलंत!" मी ओरडले.

त्यांनी वाकून बघितलं. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. एखादा माणूस तेव्हाच म्हणाला असता, अरे देवा, चुकलं माझं. मी दोन दिवस रडले असते आणि पुन्हा काढायला बसले असते. पण नेमके त्याच वेळी वल्लभशेठ आत आले. त्यांना गिऱ्हाइकासाठी जमीन लाल नको होती, पिस्ता हवी होती. तीही आत्ता, लगेच.

"होणार नाही शेठ," कीर्तिभाई म्हणाले. "या नव्या पोरी! लेयर एकत्र करून सेव्ह करतात आणि फिरायला जातात. किती वेळा सांगितलं हिला."

"मी नाही केलं! भाईंनीच..."

"म्हणजे तीस वर्षं काम करणारा मी, तुझ्या मशीनवर सेव्ह करायला आलो?"

शेजारच्या टेबलावर धनसुख होता. रूममधला सगळ्यात तोंडाळ माणूस, शिवी दिल्याशिवाय चहासुद्धा मागत नाही. त्याने सगळं बघितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो कागदातल्या खमण-ढोकळ्यात मान घालून बसला होता, जणू त्यात काही हरवलंय. वल्लभशेठनी मला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "उद्यापासून स्कॅनिंगच्या टेबलावर बस. डिझाइनला हात लावू नकोस."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण कीर्तिभाईंनी माझं ते चिकटलेलं चित्र उघडलं, त्यावर नवा लेयर ठेवला आणि माझे पोपट एकेक करून गिरवून काढले. मान वळलेला, उलटा लटकलेला, पान ओढणारा. दिवाळीच्या मालात ती साडी त्यांच्या मुलीच्या नावाने बाजारात आली. 'ऋत्वी'. आणि काय चालली म्हणून सांगू! उधना दरवाज्यापासून कतारगामपर्यंत जिकडे बघावं तिकडे बाया माझे पोपट नेसून फिरत होत्या. माझी सख्खी मामी ती नेसून वास्तुशांतीला आली आणि पदर माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "बघ, असं काहीतरी काढ तू. नुसती कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करतेस."

त्या दिवशी मी ठरवलं. मला त्यांची खुर्ची नको होती, बढती नको होती. मला एवढंच हवं होतं की त्याच रूममध्ये, वल्लभशेठच्या समोर, कीर्तिभाईंनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं की पोपट पिनलचे होते आणि झाडू मी मारला होता. ते ऐकल्याशिवाय मी नोकरी सोडणार नव्हते. लोकांना वाटलं, पोरगी निमूट आहे. सुरतची पोरगी निमूट असली तर समजावं, काहीतरी शिजतंय.

स्कॅनिंगच्या टेबलावर काम कमी, वाट बघणं जास्त. कापडाचा तुकडा काचेवर ठेवायचा आणि दिवा सरकत जातो तो बघत बसायचं. बसल्या बसल्या मी मशीनचा तो तक्ता उघडून ठेवू लागले, ज्यात मेमरी किती भरली ते दिसतं. सूड घ्यायचा तर शत्रूचा देव आधी ओळखावा. मी झाडू मारून बघितला. भरलेला आकडा धाडकन खाली आला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण पुढचं चित्र उघडायला गेले तर डिस्क कटकट करत सुटली, दिवा लुकलुकू लागला, आणि नेहमी चुटकीसरशी उघडणारं चित्र जांभया देत उघडलं. तोवर आकडा पुन्हा होता तिथेच.

न मारता बघितलं. मेमरी भरलेली, आणि काम सुरळीत. दुसरं काही उघडलं की मशीन आपणहून जुनं बाजूला सारून त्याला जागा देत होतं. कोणी सांगायला लागत नव्हतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बा पोळ्या करते तेव्हा ओट्यावर तव्याशेजारी तूप, पीठ, मीठ, उलथणं सगळं मांडून ठेवते. ओटा भरलेला दिसतो म्हणून कोणी तिला म्हणालं, प्रत्येक पोळीनंतर सगळं उचलून माळ्यावर ठेव, तर ओटा लखलखीत राहील, पण पाहुण्यांना जेवायला रात्र होईल. मशीनचंही तेच. हाताशी लागणारं ते मेमरीत ठेवतं. तुम्ही ते हुसकून लावलंत की बिचारं पुन्हा डिस्कवर जाऊन शोधून आणतं. रिकाम्या मेमरीचं काय लोणचं घालायचंय? मशीन खरंच कमी पडत असेल तर जास्त मेमरी विकत आणून बसवावी, नाहीतर नको असलेलं काम बंद करावं. हाताने झाडत बसणं म्हणजे रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.

हे कळल्यावर चांगल्या माणसाने काय करावं? जाऊन सांगावं. मी तोंडाला कुलूप लावलं.

आणि बघा, माणूस आपल्या पायांनी चालत आला. होळीनंतर एकदा कीर्तिभाई माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "पिनल, तुला इंटरनेटमधलं कळतं. हे मेमरी साफ करायचं काम आपोआप करणारं काही मिळतं का? सारखा हात थांबवावा लागतो."

वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

"मिळतं ना, भाई. फुकट मिळतं."

मी त्यांना असा एक प्रोग्राम बसवून दिला की त्याच्या थाटानेच माणूस भुलावा. पडद्याच्या कोपऱ्यात गोल घड्याळ, त्यात हिरवा काटा, आणि खाली मोठ्या अक्षरात किती मेमरी रिकामी झाली ते. कीर्तिभाई लहान मुलासारखे त्या काट्याकडे बघत राहिले.

"याने मेमरी रिकामी होते ना?"

"होते, भाई. अगदी रिकामी होते."

मी एक अक्षर खोटं बोलले नाही. मशीन पळेल का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

सुरुवातीला तो प्रोग्राम अर्ध्या तासाने झाडायचा. आठवड्याभरात त्यांनी मला बोलावलं. "काटा परत लाल होतो गं. लवकर लवकर होईल असं कर." मी केलं. मशीन मंद झालं. मशीन मंद झालं म्हणून त्यांनी आणखी लवकर करायला लावलं. त्याने ते आणखी मंद झालं. मग त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकून दुसरा एक प्रोग्राम आणला आणि पहिल्याच्या बोकांडी बसवला. आता एक झाडायचा, दुसरा झाडलेल्यावर झाडायचा, आणि मधल्या मध्ये फोटोशॉप भिकाऱ्यासारखं दारोदार फिरायचं. काटा मात्र कायम हिरवागार.

डिस्कची कटकट रूमभर ऐकू यायची. कीर्तिभाईंनी त्याचं खापर आमच्यावर फोडलं. गाणी बंद करा, नेटवर्कवर फायली उघड्या ठेवू नका, माझ्या मशीनवर भार येतो!

"भाई, मशीनला जुलाब देताय की काय?" धनसुख म्हणाला. "आता पोटात काही राहिलं नाही, आतडी बाहेर येतील."

"तू तुझं बघ. काटा दिसतोय ना? हिरवा आहे."

"काटा हिरवा आहे, तुमचं तोंड पिवळं पडलंय."

दुपारी चहाच्या टपरीवर धनसुख मला हळूच म्हणाला, "पिनल, तू त्याला मारशील."

"मी? मी तर मागतील ते देते. मोठ्या माणसांचं ऐकावं, असं बाने शिकवलंय."

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला आणि कपात बघत राहिला.

"तेव्हा तुझ्या तोंडात खमण होतं," मी म्हटलं. त्यालाही मी सोडणार नव्हतेच, फक्त पाळी नंतरची होती.

उन्हाळा चढला तसे कलकत्त्याचे व्यापारी येऊ लागले. दुर्गापूजेचा माल आमच्याकडे उन्हाळ्यातच ठरतो. सगळ्यात मोठे सान्यालबाबू, बडाबाजारचे. त्यांचा माल मिळाला की वल्लभशेठचं वर्ष निघतं. त्यांच्यासाठी कीर्तिभाई कित्येक महिने एक साडी काढत होते. पदरावर शंख, अंगभर शिउलीची, म्हणजे प्राजक्ताची, फुलं, तीही झाडावरची नव्हे, सकाळी मातीत पडलेली असतात तशी, काही उताणी, काही पालथी, केशरी देठ वर केलेली. कुणाचं गिरवलेलं नाही, सगळं स्वतःच्या हातचं. असा हात असताना या माणसाला माझे पोपट कशाला लागले?

बाबू येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं मशीन इतकं अडकलं की काठ सरळ करायला ते फाइल घेऊन माझ्या टेबलावर आले. मी काठ सरळ करून दिला.

"तुझं मशीन बरं चालतं गं," ते म्हणाले. "याची कॉपी राहू दे तुझ्याकडे. उद्या अडलं-नडलं तर."

"राहू दे की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सान्यालबाबू आले. धोतर, पांढरी छत्री आणि दुधाशिवायचा चहा. मोठा व्यापारी आला की त्याला डिझाइनरच्या शेजारी खुर्ची देतात आणि तो बोलेल तसे रंग समोर बदलून दाखवतात, ही आमच्याकडची पद्धत. पटलं तर तिथेच सौदा. वल्लभशेठ मागे हात जोडून उभे. आम्ही सगळे आपापल्या टेबलावर, कान तिकडे.

"वा, शिउली!" बाबू म्हणाले. "भाई, तुम्ही कधी बंगालमध्ये राहिला होता का?"

"नाही, बाबू. फोटो बघून बघून काढलं."

"आमच्या घराच्या मागे अशीच पडतात. बरं, आधी सांधा दाखवा. मागच्या वर्षी एकाने मला तुटका माल दिला."

कीर्तिभाईंनी लेयर मिसळले, चित्र सरकवायला घेतलं, आणि मशीन गप्प झालं. पडदा धुरकट पांढरा पडला. कोपऱ्यातला काटा तेवढा टुकटुकीत हिरवा. डिस्क खरखरत होती. आत दोन्ही झाडूवाले कामाला लागले होते.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"काही नाही, शेठ. मेमरी."

"बाबूंना ताटकळत ठेवताय!"

"आलं, आलं..."

कीर्तिभाईंच्या मानेवरून घाम ओघळत होता. बाबूंनी चहा संपवला. त्यांनी घड्याळात बघितलं. इथवर माझा हिशेब होता. माणूस मोठ्या गिऱ्हाइकासमोर फजीत होईल, शेठ चिडेल, मग मी पुढे होऊन तोंड उघडेन. पुढचं जे झालं ते मी केलं नाही. चित्र परत आलं, सांधा नीट दिसला, बाबूंनी मान डोलावली, आणि कीर्तिभाईंच्या बोटांनी आपणहून, इतक्या वर्षांच्या सवयीने, आधी सेव्ह केलं आणि मग झाडू मारला.

मी माझ्या खुर्चीतून उठून उभी राहिले.

"सुंदर," सान्यालबाबू म्हणाले. "आता जमीन पांढरी करा. फुलं आणि शंख असेच ठेवा. लाल काठ, पांढरी जमीन, आमच्या बायकांना पूजेला तेच लागतं."

कीर्तिभाईंनी मागे जायचं बटण दाबलं. दाबत राहिले. मला त्यांच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता आणि, काय सांगू, तो आवाज मला देवळातल्या घंटेइतका गोड लागला.

"शेठ," ते म्हणाले, "लेयर एकत्र झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे रंग आता बदलत नाही."

धनसुखने माझ्याकडे बघितलं आणि या वेळी मान खाली घातली नाही.

"दुसरी कॉपी असेल ना? कुणाकडे तरी असेल!" शेठचा आवाज चिरकला.

कीर्तिभाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"बघावं लागेल," मी म्हटलं. "पण आधी भाईंनी एक सांगावं. माझे पोपट असेच चिकटले होते, तेव्हा काय झालं होतं?"

"पिनल, ही वेळ आहे का?" शेठ खेकसले.

"हीच आहे, शेठ."

कीर्तिभाईंना माझ्याकडे बघवेना. ते पडद्यावरच्या फुलांकडे बघत बोलले. "पोपट पिनलचे होते. झाडू मी मारला होता. सेव्हही मीच केलं होतं. मग ते गिरवले आणि पोरीचं नाव लावलं. हिची काही चूक नव्हती."

झालं. शब्द न् शब्द. ज्यासाठी मी वर्षभर स्कॅनरचा दिवा बघत बसले होते, ते सगळं, त्याच रूममध्ये. मी शेठकडे बघितलं. आता ते कीर्तिभाईंवर तुटून पडतील, निदान मला म्हणतील की अरेरे, पोरी, अन्याय झाला तुझ्यावर.

"हो, हो, ठाऊक आहे," वल्लभशेठ म्हणाले. "धनसुखने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला. आता फाइल काढ लवकर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, हेड डिझाइनरचं नाक कापायचं की नव्या पोरीचं? तो रागावून शेजारच्या मार्केटात गेला असता तर? तू कुठे जाणार होतीस! धंद्यात असं बघावं लागतं. जा, बाबू खोळंबलेत."

मी धनसुखकडे बघितलं. त्याने हो म्हणून मान हलवली. कीर्तिभाई तोंड उघडं टाकून शेठकडे बघत होते. तो माणूस वर्षभर भीत होता की शेठला कळेल, आणि शेठ वर्षभर त्याच्या पाठीवर हात ठेवून दिवाळीची मिठाई देत होते. आम्हा दोघांनाही त्यांनी कसं तोलून ठेवलं होतं, किराणावाला गूळ आणि मीठ तोलतो तसं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्षभर जपलेला सूड मी भलत्याच दाराशी नेऊन ठेवला होता.

मी माझ्या टेबलाकडे गेले. त्याचं तोंड भिंतीकडे आहे, माझा पडदा कुणाला दिसत नाही. फाइल होती. उघडून बघितली. सगळे लेयर सुटे, एकेक फूल वेगळं. जमिनीवर एकदा बोट ठेवलं असतं तर ती पांढरी झाली असती आणि वल्लभशेठचं वर्ष निघालं असतं. इतकं सुंदर काम पुसणं जिवावर आलं, हे कबूल. पण थांबले नाही. मी ती कायमची पुसली, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा उरू दिली नाही.

"नाही, शेठ," मी म्हटलं. "माझ्याकडे काही नाही."

"नीट बघ! कीर्तिभाई, काल तुम्ही हिच्या मशीनवर गेला होतात ना? हिच्याकडे असणारच."

कीर्तिभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच ठेवायला सांगितलं होतं. एक शब्द बोलले असते तर शेठनी माझं मशीन फोडून बघितलं असतं.

"फाइल मी परत घेतली होती, शेठ," ते म्हणाले. "हिच्याकडे कुठून असणार?"

सान्यालबाबूंनी छत्री उचलली. "पुन्हा काढायला किती दिवस?"

"महिनाभर तरी," कीर्तिभाई म्हणाले.

"आमच्याकडे दुर्गा कुणासाठी थांबत नाही," बाबू म्हणाले आणि निघाले. वल्लभशेठ त्यांच्यामागे चप्पल न घालता जिन्यावरून खाली धावले. खालून त्यांचा आवाज येत होता, "बाबू, ऐका तर! बाबू, जेवून तरी जा!" आणि मग शेजारच्या मार्केटाच्या फाटकापाशी तो आवाजही थांबला.

मी पर्स उचलली. राजीनामा-बिजिनामा आमच्या धंद्यात नसतो, उठायचं आणि जायचं. खाली रस्त्यावर पोचते तो मागून कीर्तिभाई धापा टाकत आले. चेहरा मोकळा झालेला, अगदी दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा.

"झकास केलंस, पोरी! शेठची चांगली जिरवलीस. मी तर ओळखलंच, तू कॉपी दाबून ठेवलीस ते. म्हणून तर मी खोटं बोललो."

"हो, भाई. बरं झालं बोललात."

"बाबू उद्यापर्यंत सुरतमध्येच आहेत. मी हॉटेलवर जाऊन दाखवतो. माझं डिझाइन आहे, शेठला कशाला द्यायचं? तुझंही नाव लावू खाली." त्यांनी हात पुढे केला. "दे."

"काय देऊ?"

"कॉपी गं."

"कसली कॉपी, भाई?"

ते हसले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचे थांबले. हात तसाच पुढे राहिला.

मी रिक्षा थांबवली आणि गोलवाड म्हणून सांगितलं.